चौदा नंबरचं दार

गाणं तीन मिनिटं अडतीस सेकंदांचं.
त्यासाठी सात आठवडे, एक फाइल, दोन भांडणं
आणि एक दार.

दार आधी इड्रिसच्या वहीत आलं,
पेन्सिलीचं, वाळूत उभं, चौकटीशिवाय.
मग मोरकमच्या मागच्या गल्लीत
बंद पडलेलं गेस्टहाउस पाडत होते,
तिथं ते खरंच सापडलं:
निळा रंग, पोपडे धरलेला,
पितळी चौदा, त्यातला चार सैल.
आठ पौंड दिले. बिजागऱ्या फुकट, म्हणाला कामगार.
रंगवायचं की असंच ठेवायचं,
हे भांडण पहिलं.

मी निर्माती. म्हणजे
जे कुणाला आठवत नाही ते मला आठवायचं.
झोफियाचा दातांचा डॉक्टर गुरुवारी.
गाडी चालवता येते एकट्या कीरनला,
आणि त्याच्या गाडीत दार मावत नाही.
गाण्याच्या परवानगीसाठी इड्रिसनं
इड्रिसलाच पत्र लिहिलं.
सर म्हणाले, तारीख घाल.
त्यानं घातली, खाली दोनदा सही केली,
एकदा मागणारा, एकदा देणारा.

स्टोरीबोर्डमध्ये आम्ही सगळी काड्यांची माणसं.
झोफिया ओळखू यावी म्हणून तिच्या काडीला वेणी.
चौकट नऊ: ती दार उघडते. समोर समुद्र.
चौकट दहा: समुद्र तिच्याकडे येतो.
चौकट दहावर आमचा सगळ्यांचा जीव.
तिथंच ड्रम थांबतो
आणि चार ठोके नुसता तिचा श्वास.

धोक्यांचा तक्ता मी भरला.
केबलमध्ये पाय अडकणे. उपाय: चिकटपट्टी.
थंडी. उपाय: थर्मास.
दार अंगावर पडणे. उपाय: कीरन.
समुद्र, असं लिहिलं,
आणि पुढच्या रकान्यात पेन नुसतं टेकलं,
निळा ठिपका मोठा होत गेला.

म्हणून विल्फकडे गेलो.
चाळीस वर्षं ट्रॅक्टर घेऊन त्यानं
या खाडीत कोळंबी धरली.
वेळापत्रक हात लांब करून वाचलं.
शनिवार, सायंकाळी पाच दहा, चौकट दहा.
"समुद्राला कुणी कळवलंय का?"
आम्ही हसलो. तो नाही.
पाच दहाला पाणी कोसभर लांब असेल, म्हणाला,
आणि येईल तेव्हा समोरून नाही येणार.
आधी मागचे ओहळ भरतात, गुपचूप.
तुम्ही पुढं बघत उभे,
आणि घरची वाट गेलेली असते.
माझीच पेन्सिल घेऊन त्यानं
वेणीवाल्या काडीच्या मागं
एक रेघ मारली. एवढंच.

बसमध्ये बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग इड्रिस म्हणाला, म्हणजे दुसरं कडवं खोटंय.
झोफिया म्हणाली, खोटं नाही,
तू ते चुकीकडं तोंड करून लिहिलंस.
हेडफोनचा एक कान त्याला, एक तिला,
हीशम येईपर्यंत तेच कडवं, अकरा वेळा.

मी तिकिटामागे नवा आराखडा काढला.
शनिवारच, पण सकाळी नऊ वीस. उजेड करडा.
दार पायऱ्यांलगत, तिथं वाळू घट्ट.
विल्फ वर कठड्याशी, शिट्टी घेऊन.
शिट्टी झाली की आधी कॅमेरा, मग आपण.
कीरन म्हणाला, आधी आपण.
हे भांडण दुसरं, आणि ते तो जिंकला.
झोफियाची पाठ समुद्राला.
ती दार उघडते, पलीकडे गाव:
बंद आइस्क्रीमची टपरी, बसथांबा,
कुणाच्या तरी कुत्र्याला घाई.

आज शुक्रवार. बॅटऱ्या चार्जिंगला,
लाल ठिपक्यांची रांग.
दार बोळात भिंतीला टेकलेलं.
सफाईच्या मिसेस ऑकरॉइडनी
बादली खाली ठेवली,
ते बाजूला करायच्या आधी
त्यावर दोनदा टकटक केली,
मग इकडंतिकडं पाहिलं.
मी दिव्याच्या बटणापाशी, न हलता.

चार अजून सैलच.
स्क्रूड्रायव्हर यादीत नाही.
लिहून घेते.